ओळखू न आलेली खिरापत

माझ्या मुलीला भोंडल्यातून काढून टाकलं! शाळेतून आम्हीच काढलं होतं, त्याचं मला काही नाही. पण भोंडल्यातून काढलं म्हणजे फारच झालं.

शाळेतून का काढलं ते विचारू नका. ते सांगत बसलो तर भोंडला राहून जाईल. शिवाय कोपरखैरण्यातल्या आमच्या बिल्डिंगीत त्याची सतरा कारणं आधीच तयार आहेत. फी परवडत नसेल, मुलीला फिट्स येत असतील, बाप कम्युनिस्ट असेल. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे. दिवसभर वाकून नटबोल्ट काढतो. क्रांती करायला मान वर करावी लागते आणि मला स्पाँडिलायटिस आहे. खरं कारण एवढंच, की माझी बायको मीना स्वतः शाळेत शिकवत होती आणि तिला वाटलं, सईला आपण घरी जास्त चांगलं शिकवू. तसं तिनं शिकवलंही. सगळा घोळ तिथंच झाला.

म्हणजे बघा, पुस्तकात आवाजाचा धडा असतो. शाळेत बाई तो वाचून दाखवतात आणि पोरं रिकाम्या जागा भरतात. मीनानं काय करावं? स्वयंपाकघरातले झाडून सगळे डबे खाली काढले, सईच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि एकेक डबा कानाशी हलवत विचारलं, "ओळख, काय आहे?" सईला या खेळाचं वेडच लागलं. महिन्याभरात ती तूरडाळ आणि मसूरडाळ नुसत्या आवाजावरून सांगायला लागली. रवा जाडा की बारीक, तेही सांगायची. एकदा तर म्हणाली, "आई, पोह्यात किडा झालाय." झाला होता! मी ऑफिसात चार जणांना हे अभिमानानं सांगितलं. चौघांनीही मला "मुलीला शाळेत घाल" असा सल्ला दिला.

आता ज्यांच्या घरी मुली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नवरात्रात बिल्डिंगीतल्या मुली रोज एकीच्या दारात जमतात. मधे पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. त्यात खिरापत असते, म्हणजे खाऊ. ती तशी मिळत नाही. डबा हलवून दाखवतात आणि मुलींनी आत काय आहे ते ओळखायचं. लाडू? नाही. चिवडा? नाही. तिखट की गोड? मुली किंचाळतात, भांडतात, नाचतात, आणि ओळखल्यावरच डबा उघडतो.

पहिल्या दिवशी गीतांजलीच्या आईनं डबा जेमतेम हलवला असेल नसेल, सई म्हणाली, "वाटली डाळ. लिंबू पिळलंय." खेळ खलास. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी डबा पुरता हलायच्या आतच म्हणाली, "खोबऱ्याच्या वड्या आहेत, पण काकू, त्या नीट थापल्या गेल्या नाहीत, सुटतायत." काकूंचं तोंड एवढंसं झालं. तिसऱ्या दिवशी गीतांजलीनं तिला जिन्यातच अडवलं. गीतांजली सहावीत, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, भोंडल्याची सर्वेसर्वा. म्हणाली, "तू येऊ नकोस. तुला सगळं घरीच शिकवतात ना? मग खेळ पण घरीच."

सई घरी आली ती रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं. कॉटवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, मला शाळेत घाल."

मीनाची पोळी तव्यावर करपली.

"अभ्यास मी घरीच करीन," सई म्हणाली. "आई छान शिकवते. पण शाळेत गेलं की मैत्रिणी आपोआप मिळतात. इथं मला रोज नव्यानं मिळवायला लागतात, आणि मला ते येत नाही."

मीनानं ती पोळी काढली, दुसरी टाकली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, शेवटच्या दिवसाचा भोंडला आपल्याकडे करायचा. खंडेनवमीचा. त्यातून एकही मैत्रीण झाली नाही, तर दिवाळीनंतर तिचं नाव मी स्वतः शाळेत घालून येईन." हे बोलताना तिचा आवाज जरा हलला. तो ओळखायला सईची गरज नव्हती.

मला मात्र एकदम स्फुरण चढलं! साधी गोष्ट होती हो. एक भोंडला! मी कारखान्यात अख्ख्या बॉयलरची ड्रॉइंगं काढतो, मला एक भोंडला जमू नये? मी तडक गीतांजलीकडे बोलणी करायला गेलो.

"काका," ती म्हणाली, "खिरापत ओळखायला आम्हाला खूप वेळ लागायला पाहिजे. मजा त्यातच असते. ही येते आणि संपवून टाकते."

 सहावीतल्या मुलीपुढे मी चपला घालून नुसता उभा. शेवटी तिनंच अट सांगितली. "सईला पण ओळखता येणार नाही अशी खिरापत करा. तर आम्ही येऊ. सगळ्या येऊ."

मी "डन" म्हणालो आणि दोन-दोन पायऱ्या चढत घरी आलो. अडचण दारात पाऊल टाकल्यावर लक्षात आली. आमचं घर वन रूम किचन. बाकीच्यांच्या मुली सकाळी शाळेत जातात, त्यांच्या आया निवांत लाडू वळून लपवून ठेवतात. आमची मुलगी चोवीस तास घरात! तिच्यापासून आम्ही आजवर एक चॉकलेट लपवू शकलो नव्हतो, तिथं वीस मुलींची खिरापत कशी लपवणार?

बातमी बिल्डिंगभर झाली आणि सल्ले यायला लागले. शेजारच्या सुमित्राबाई म्हणाल्या, "तिला आदल्या दिवशी सर्दी होऊ दे. नाक बंद झालं की निम्मं काम झालं." मीना त्यांच्यावर असली भडकली की विचारू नका. मुलीला मुद्दाम आजारी पाडायचं म्हणजे काय? मलाही ते पटलं. तरी पण, केवळ शक्यता तपासावी म्हणून, मी संध्याकाळी दोन कुल्फ्या आणल्या. एक सईनं खाल्ली, एक मी. सर्दी मला झाली. ती अशी चिकटली की दसऱ्यापर्यंत मला अगरबत्तीचाही वास येत नव्हता. हे लक्षात ठेवा.

नाकाचं जमलं नाही, तेव्हा मी कानाकडे वळलो. आवाजच बाहेर येणार नाही असा डबा! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं रीतसर ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूनं, वरून. मोठा ॲल्युमिनियमचा डबा, त्याच्या आत छोटा स्टीलचा डबा, आणि मधल्या जागेत गच्च भरलेली वाळू. आमच्या खात्यातला अभय म्हणाला, "सुधीर, हा डबा आहे की तिजोरी?" मी दुर्लक्ष केलं. वाळू बिल्डिंगच्या मागं चाललेल्या बांधकामावरून आणली. तिथल्या वॉचमननं "भाईसाब, क्या बना रहे हो?" असं विचारलं. "खिरापत" म्हणालो तर त्यानं मला आणखी दोन घमेली वाळू प्रेमानं दिली.

राहिला प्रश्न आत काय घालायचं आणि ते कुठं करायचं. आमच्या गेटवर बोनकोडे गावातल्या चांगुणाबाई भाजी घेऊन बसतात. मीनानं आणि मी त्यांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी माज्या घरी बनवते. पन काय बनवनार त्ये तुमाला बी नाय सांगनार."

"आम्हाला का नाही?" मी दुखावून विचारलं.

"सायेब, तुमच्या तोंडावर सगला दिसतंय. पोरीनं तुमच्याकडं बगितला का वलखलाच समजा."

मीना खदखदून हसली. माझ्या चेहऱ्याबद्दल असं भर गेटवर कुणी बोलावं आणि बायकोनं त्याला हसून दुजोरा द्यावा! पण मुलीसाठी माणूस काय काय गिळतो. मी मुकाट्यानं डबा त्यांच्या स्वाधीन केला.

आता जागा. आमच्या दारात चार मुली उभ्या राहिल्या तर पाचवीला जिन्यात उभं राहावं लागतं. खाली कंपाउंडमध्ये पाइपलाइनसाठी खणून ठेवलेलं. उरली गच्ची. गच्चीची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी हौसेराव यांच्याकडे. हौसेराव वाशीच्या मार्केटात एका पेढीवर बसतात, सातारकडचे, मनानं दिलदार. विशेष म्हणजे गीतांजलीचे वडील. मला वाटलं, घरचंच काम. पण सेक्रेटरीची खुर्ची वाईट.

"सुधीरराव, किल्ली देतो की. पण कमिटीला इचारायला पायजे," ते म्हणाले. "वीस पोरी उड्या मारणार. स्लॅब गळाया लागला तर टॉप फ्लोअरवाले माज्या दारात बसतील."

"अहो, त्यात तुमचीच मुलगी आहे."

"म्हणून तर! उद्या म्हणतील, सेक्रेटरीनं पोरीसाठी गच्ची खोलली."

कमिटीची मीटिंग ठरवायची म्हणजे एकाची सेकंड शिफ्ट, एकाचा कडक उपास, एकाचं दुसऱ्याशी बोलणं बंद. असं करत करत मीटिंग ठरली ती थेट खंडेनवमीच्याच दुपारी, हौसेरावांच्या घरी. भोंडला संध्याकाळी, परवानगी दुपारी! त्या दिवशी सकाळी मीना म्हणाली, "अहो, नाही म्हणाले तर?" मी म्हणालो, "बघू." सई कॉटवर बसून अंगातल्या फ्रॉकच्या बटणाशी खेळत होती. आपल्याकडे पाहुण्या येणार म्हणून तो फ्रॉक तिनं उठल्यापासूनच घालून ठेवला होता.

मी हाफ डे टाकला, स्कूटर काढली आणि बोनकोड्याला गेलो. चांगुणाबाईंनी डबा फडक्यात बांधून तयारच ठेवला होता. मी हलवून बघितला. आवाज शून्य! वास घेतला. माझं नाक चोंदलेलं, वासही शून्य. मला इतका आनंद झाला की मी चांगुणाबाईंना वाकून नमस्कारच करणार होतो. पण डबा पायांमध्ये ठेवून स्कूटर चालवायची होती, म्हणून वाकलो नाही.

हा डबा घरी न्यायची सोय नव्हती. सई दारातच. म्हणून मीटिंगला जाताना तो सरळ हौसेरावांच्या घरी टीपॉयवर नेऊन ठेवला. गडबडीत "हा ठेवतो हं" एवढंच म्हणालो. मग माझी उलटतपासणी सुरू झाली. मुली किती? सरासरी वजन किती? फुगडी घालणार का? फुगडीत भार एका जागी पडतो, त्याचं काय? मी ड्राफ्ट्समन आहे! मी खिशातून हिशेबाचा कागद काढला आणि हलता भार, स्थिर भार सगळं समजावून सांगितलं. कुणालाही काही कळलं नाही, पण वजन पडलं. "आता तुमी या," हौसेराव म्हणाले, "आमी जरा चर्चा करतो." मी घरी येऊन पाटावर हत्ती काढायला घेतला.

हत्ती काढताना मी स्वतःला विसरलो. टी-स्क्वेअर लावून, सेंटरलाइन मारून, एक इंचाला दीड फूट असं प्रमाण घेऊन मी त्याचं बाजूचं दृश्य काढलं. सई म्हणाली, "बाबा, याला बोल्ट का आहेत?" तो डोळा होता.

साडेपाचच्या सुमारास हौसेराव स्वतः दारात आले. एका हातात गच्चीची किल्ली, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला डबा. "एकमतानं मंजूर!" ते म्हणाले. "कमिटी लई खूश आहे तुमच्यावर." मी डबा घेतला, तसाच वर पळत सुटलो आणि गच्चीवर टाकीमागे लपवला.

आणि मुली आल्या! गीतांजली पुढं, मागं अख्खी पलटण. परकर-पोलकी, गजरे, कुणाच्या हातात धाकटी भावंडं. शेजारच्या सेक्टरमधून दांडियाचा स्पीकर ढणाढणा वाजत होता, पण आमच्या मुलींनी असा सूर लावला की तो स्पीकर ऐकूच येईना. सई फेरात होती. पण कशी? दोन मुलींच्या मधे, दोघींचे हात धरून, तरी एकटी. दोघी तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत होत्या. मीनाला ते दिसलं. मलाही दिसलं. कठड्याशी बिल्डिंगीतले बाप हात मागे बांधून उभे होते. कमिटी झाडून हजर होती.

गाणी संपली. मीनानं डबा आणला आणि जोर लावून हलवला. आवाज नाही! पुन्हा हलवला. मुली कान टवकारून चिडीचूप.

"शिरा!" "नाही!" म्हणजे मीना नुसतंच नाही म्हणत होती, तिला तरी कुठं माहीत होतं? "उपमा?" "केळी?" "काकू, तिखट की गोड?" मीनानं माझ्याकडे बघितलं, मी आकाशाकडे. मुली चेकाळल्या. इतकी अवघड खिरापत कोपरखैरण्यात आजवर झाली नव्हती!

मग गीतांजली म्हणाली, "थांबा. आता सई."

सगळ्या बाजूला झाल्या. सई पुढं आली. डब्याला कान लावला. आईला म्हणाली, "हळूच तिरका कर." डबा तिरका झाला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आणि मला दिसलं. तिला कळलं होतं! चांगुणाबाई म्हणाल्या ते खरं असेल तर आमच्या घराण्याचे चेहरेच तसे. सईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कमिटीकडे, एकदा गीतांजलीकडे.  संपलं, म्हटलं. आता बोलणार.

"शंकरपाळे?" सई म्हणाली.

"नाहीऽऽ!" मुलींनी गच्ची डोक्यावर घेतली. "सईला नाही आलं! सईला नाही आलं!" गीतांजलीनं आनंदानं तिचा हात धरून तिला गरागरा फिरवलं. फुगडीच झाली ती. भार एका जागी पडला, पण कुणाला पर्वा? आणि मग सई एकामागून एक चुकीची नावं सांगत सुटली. भजी! जिलबी! साबुदाण्याची खिचडी! गीतांजली तिच्या वरताण. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. शेवटी सगळ्या दमल्या, हरलो म्हणाल्या, आणि मीनानं वाळूतला आतला डबा उघडला.

आत कागदाची एक छोटी पुडी होती. पुडीत चमचाभर साखर.

गच्चीवर असा शुकशुकाट झाला की पुन्हा दांडियाचा स्पीकर ऐकू यायला लागला. माझी इज्जत टाकीवरून खाली उडी मारायच्या बेतात होती. तेवढ्यात कठड्याजवळून हौसेरावांचा आवाज आला. "सुधीरराव... तो डबा मीटिंगसाठी न्हवता व्हय?"

खाल्लं होतं! चर्चा करता करता अख्ख्या कमिटीनं आमची खिरापत खाल्ली होती! आणि हौसेरावांच्या घरातून रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून वहिनींनी रीतीप्रमाणे आत साखर ठेवली होती. एकमतानं मंजूर काय, कमिटी खूश काय! मी तोंड उघडलं, पण सर्दीमुळे नुसती शिंक आली.

"बाबाऽऽ!" गीतांजली कमरेवर हात ठेवून ओरडली. हौसेराव आणि अख्खी कमिटी जिन्यावरून जी पळाली ती घरोघरचं फरसाण, केळी, बिस्किटं, एकानं तर उपासाची बटाट्याची भाजी पातेल्यासकट, असं घेऊन धापा टाकत वर आली. तोवर मीनानं प्रत्येकीच्या तळहातावर चिमूट-चिमूट साखर ठेवली होती. मुली ती जिभेनं टिपून टिपून खात होत्या.

गीतांजली सईकडे रोखून बघत होती. "तुला माहीत होतं."

"हो," सई म्हणाली. "साखर सरकली की बारीक आवाज येतो. आणि पुडीत एवढीशी साखर म्हणजे कुणीतरी डबा परत केलाय."

"मग बोलली का नाहीस?"

सईनं तळहात चाटला. "बोलले असते तर लगेच संपलं असतं ना."

 गीतांजलीनं स्वतःच्या तळहातावरची उरलेली साखर सईच्या तळहातावर ओतली आणि केळी वाटायला तिला ओढत घेऊन गेली. मीना टाकीमागे गेली आणि पदर डोळ्यांना लावून आली. मी विचारलं तर म्हणाली, "तुमची सर्दी लागली."

त्या डब्यात मुळात काय होतं, हे अजून कळलेलं नाही. कमिटीतला एक जण म्हणतो तांदळाचं होतं, दुसरा म्हणतो नारळाचं, आणि हौसेराव म्हणतात, "गोड होतं बगा." या मुद्द्यावर कमिटीचं एकमत होत नाही. चांगुणाबाईंना विचारलं तर त्या भाजीवर पाणी मारत म्हणतात, "ज्यांनी खाल्ला त्यांना इचारा."

दसऱ्याला सकाळी दार वाजलं. दारात गीतांजली आणि चार जणी, हातात आपट्याची पानं. "काका, सई आहे? आम्हाला तिचे ते डबे शिकायचेत."

सई आतून धावत आली. मी तिला हळूच विचारलं, "मग दिवाळीनंतर शाळेचं काय करायचं?"

"कुठली शाळा?" असं म्हणून ती पळाली.

स्वयंपाकघरात सगळे डबे खाली आले, डोळ्यांना ओढण्या बांधल्या गेल्या, झाकणं कुठं, डबे कुठं, नुसता धिंगाणा. मी कसाबसा ओट्यापर्यंत पोचलो, हाताला लागला त्या डब्यातून चमचाभर साखर चहात घातली आणि कॉटवर बसून घोट घेतला. ते मीठ होतं. समोर गीतांजली डोळे बांधून नेमका तोच डबा कानाशी हलवत होती, "साखर? नाही? रवा? थांब थांब, सांगू नकोस!" सई माझ्या चेहऱ्याकडे बघून तोंडावर हात दाबून हसत होती.

मी काही बोललो नाही. सगळा चहा पिऊन टाकला. बोललो असतो तर लगेच संपलं असतं.